तपासून दिलेल्या चाव्या

रविवार, ३ मार्च

लेक आज सासरी परतली. जाता जाता तिने माझं एक गुपित फोडलं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला.

काल ती माझ्या मोबाइलमधले जुने मेल साफ करत बसली होती. मध्येच थांबली. "बाबा, तुमच्याकडे एवढे खेळ कसले?"

मग मला सांगावं लागलं. ती कॉलेजात असताना तिला संगणकावरचा एक खेळ हवा होता. तो सुटा मिळत नव्हता, दहा-बारा खेळांच्या गठ्ठ्यात मिळत होता. गठ्ठा घेताना खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं, की याचा अर्धा वाटा आजारी मुलांच्या उपचाराला जातो. तिला तिचा खेळ दिला. तिचं वेड पुढे सुटलंही, पण मी दर महिन्याला गठ्ठा घेत राहिलो, त्या मुलांसाठी. बोललो कोणाला नाही, कारण देणं बोलून दाखवलं की त्याचं वजन कमी भरतं असं मला वाटतं. खेळ मात्र एकही उघडला नाही. प्रत्येक खेळाची एक चावी येते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. ती संगणकात घातली की खेळ आपला. अशा शेकड्याने ओळी माझ्या मेलमध्ये पडून आहेत.

ही दारात उभी राहून ऐकत होती. "पन्नाशी आली आणि खेळ जमवतायत. लहानपणी गोट्या कमी पडल्या वाटतं."

"आई, जमवले नाहीत. साचलेत," लेक म्हणाली. "बाबा, काही चाव्यांची मुदत संपते. अशाच मरून जातील. वाटून टाका ना."

वाटून टाका. एवढं साधं मला इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही? मुलांचा वाटा पोचला की काम झालं, असं मी धरून चाललो होतो. उरलेला अर्धा भाग घरात कुजत होता.

लेकीने मला एका मंडळाचं सदस्य करून दिलं. इंटरनेटवरच असतं ते. आपल्याच भाषेतली खेळवेडी माणसं तिथे जमतात आणि आपल्याकडच्या जास्तीच्या चाव्या एकमेकांना फुकट देतात. खरी नावं कोणी लावत नाही. मी वजनकाट्यावर काम करतो, म्हणून तिने माझं नाव 'काटेवाला' ठेवलं. तिचा जुना संगणक मागे तिच्या खोलीत आहेच. त्याच्यावरची धूळ मी आजच पुसली.

बुधवार, ६ मार्च

आज काट्यावर दिवसभर खडीचे ट्रक होते. दोन ट्रकांच्या मधे मी मंडळाचे नियम वाचले. चाव्यांची यादी लावायची, आठ-दहा दिवस लोकांना मागू द्यायचं, मग ज्याला द्यायचं त्याला गुपचूप पाठवायची. मंडळावर देखरेख करणाऱ्याचं नाव 'चौकीदार' आहे. त्याची भाषा कोरडी आहे, पण माणूस नेमका वाटतो.

पहिली यादी बारा खेळांची करायची ठरवली. यादी लावण्याआधी मनात आलं की यातली एखादी चावी बिघडलेली निघाली तर? कोणी आशेने घ्यायचा आणि हातात काहीच यायचं नाही. आमच्या काट्यावर रिकामी गाडी आधी तोलल्याशिवाय भरलेलीची पावती मी कधी फाडलेली नाही. इथे तरी डोळे झाकून का द्यावं? घरी येऊन बाराही चाव्या एकेक करून संगणकात घालून पाहिल्या. प्रत्येक वेळी पडद्यावर 'यशस्वी' असं आलं आणि खेळाचं चित्र एका फळीवर जाऊन बसलं. बाराच्या बारा चांगल्या निघाल्या. उघडला एकही नाही. दुसऱ्याला द्यायची वस्तू आपण कशी वापरायची?

ही चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली. "हा पाण्यातला माणूस कोण?"

"पाणबुड्या असावा."

"आणि त्याच्या हातात काय आहे?"

"मला काय माहीत? कंदील असेल."

"पाण्यात कंदील," ती म्हणाली. "धन्य आहे." पण गेली नाही. माझा चहा निवला तरी ती बघतच होती.

रविवार, १० मार्च

उत्साहाने मला बसवत नाही. यादीखाली माणसांची रांग लागली आहे. एक जण स्वतःला 'उलटा पंखा' म्हणवतो. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. त्याने लिहिलं, 'काटेवालेसाहेब, पाणबुड्याचा खेळ एका हाताने खेळता येतो. तो आता विकत मिळत नाही. मी वर्षभर शोधतोय.' दुसरी एक शिक्षिका आहे, 'झोपाळू' नावाची. तिला शब्दांचा खेळ वर्गासाठी हवा आहे. एकाने नुसतं लिहिलं, 'द्या की राव, बोअर झालोय.' तोही मला खरा वाटला.

कोणाला द्यायचं हे ठरवताना मी पुनःपुन्हा वाचतो. कधी वाटतं, मी न्यायाधीश कधीपासून झालो? मागेल त्याला द्यावं आणि मोकळं व्हावं. आणि कधी, हेही लिहून ठेवतो, लोकांनी 'काटेवालेसाहेब' म्हटलेलं मी दोनदा वाचतो. सकाळी देवापुढे बसल्यावरही ते आठवतं, हे काही बरं नाही.

हिने विचारलं, "पाणबुड्या कोणाला देणार?"

"एका हात मोडलेल्या माणसाला."

"घाई काय आहे? हात बरा होऊ दे त्याचा."

तिला यातलं काही कळत नाही. पण विचारते, तेवढंच बरं वाटतं.

मंगळवार, १२ मार्च

महिना अर्धाही झाला नाही आणि घरचं इंटरनेट संपत आलं. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुमच्याकडे रोज दुपारी खूप वापर होतोय."

मी म्हटलं, "दुपारी मी कामावर असतो. घरी फक्त बायको असते आणि ती संगणकाला हात लावत नाही."

"बघा काका, आमच्याकडे तसं दिसतंय," ती म्हणाली. या कंपन्यांचे काटे तपासायला कोणीतरी हवं.

हिचं मनगट दुखतंय. कपडे पिळून पिळून दुखलं म्हणते. धुण्याचं यंत्र बिघडलं आहे का म्हणून मी पाहिलं, तर नीट चालतं. संध्याकाळी तेल चोळून दिलं. लेकीचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आईच्या दुखण्यावर हसू कसलं येतं?

रविवार, १७ मार्च

बाराही चाव्या आज पाठवल्या. पाणबुड्या उलट्या पंख्याला, शब्दांचा खेळ झोपाळूला आणि बोअर झालेल्याला गाड्यांच्या शर्यतीचा. प्रत्येकाला खाली लिहिलं, 'स्वतः तपासून पाठवत आहे.' शेवटची पाठवून झाल्यावर मी अंगणात जाऊन दोन चकरा मारल्या. लग्नात पंगत उठल्यावर यजमानाला जसं वाटतं, तसं वाटत होतं.

हिला सांगितलं, "पाणबुड्या गेला हो."

ती कणीक मळत होती. हात थांबले. "गेला म्हणजे? आता आपल्याकडे राहिला नाही?"

"दिल्यावर कसा राहील?"

ती पुन्हा कणीक मळू लागली. संध्याकाळी मी फिरून आलो तर तिचा चेहरा पुन्हा खुलला होता. मी कारण विचारलं नाही.

सोमवार, १८ मार्च

सकाळी काट्यावर मोबाइल उघडला आणि पायाखालची जमीन सरकली. बाराही जणांची एकच तक्रार. 'ही चावी आधीच वापरलेली आहे.' उलट्या पंख्याने लिहिलं, 'थट्टा करायला मी एक हातवालाच सापडलो का?' कोणीतरी त्याखाली लिहिलं, 'नवा चोर.'

खिडकीबाहेर एक मिशाळ ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "काटेवाले, झोपलात काय? गाडी उभी आहे." आज पहिल्यांदा एका गाडीचा नंबर माझ्या हातून चुकीचा लिहिला गेला. त्यानेच दाखवून दिला.

जेवणाच्या सुट्टीत लेकीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, चावी एकदाच चालते. तुम्ही घालून पाहिलीत ना, तेव्हाच ती संपली. ते खेळ आता तुमच्या नावावर बसले."

"म्हणजे मी तपासल्या म्हणून त्या बिघडल्या?"

"हो."

अर्धा डबा तसाच बंद केला. न तपासता काही द्यायचं नाही, या एका गोष्टीवर मी नोकरी केली. इथे तपासणंच चोरी ठरलं.

मंगळवार, १९ मार्च

चौकीदाराला सगळं खरं लिहिलं. चावी एकदाच चालते हे मला ठाऊक नव्हतं, मी ती फक्त तपासली, खेळ एकही उघडलेला नाही. प्रत्येकाला दुसरी चावी देतो. त्याने उत्तर दिलं, 'समजू शकतो. नवे लोक चुकतात. तुमच्या खेळांच्या फळीचं चित्र पाठवा. खेळ उघडलेले नसतील तर ते तिथे दिसेल. मग विषय संपला.'

मोठाच आधार वाटला. घरी येऊन लेकीने शिकवल्याप्रमाणे पडद्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यात काय काय लिहिलेलं आहे हे पाहिलंही नाही. खऱ्या माणसाला पाहायची गरज काय?

बुधवार, २० मार्च

चौकीदाराचं उत्तर जसंच्या तसं उतरवतो. 'काटेवाले, तुम्ही म्हणता एकही खेळ उघडला नाही. फळीवर लिहिलंय: पाणबुड्या, अकरा तास. बागेचा खेळ, तीन तास. शेवटचा खेळ काल दुपारी. इतकं सरळ खोटं फार दिवसांनी पाहिलं.'

मी चित्र पुन्हा पाहिलं. खरंच तसं आहे. काल दुपारी मी काट्यावर होतो, मुरुमाच्या गाड्या मोजत होतो. म्हणजे कोणीतरी बाहेरून माझ्या संगणकात शिरतंय. इंटरनेट का संपत होतं त्याचाही उलगडा झाला. लगेच पासवर्ड बदलला आणि कोणालाही सांगितला नाही.

मंडळावर आता माझी चर्चा चालू आहे. मला कोणी ओळखत नाही, मी कोणाला ओळखत नाही, तरी कान गरम होतात. गावच्या शाळेत गुरुजींनी मला एकदाच वर्गासमोर उभं केलं होतं, ते कविता म्हणायला. असं कधी उभा राहिलो नव्हतो.

गुरुवार, २१ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर ही फणकाऱ्यात होती. "त्या संगणकाचं काय बिघडवून ठेवलंत?"

"तुला काय करायचंय?"

"धूळ पुसताना दिसलं. पासवर्ड मागतोय सारखा."

"धूळ पुसताना त्याला चालू कशाला करायचं?"

"चालू केल्याशिवाय धूळ दिसते का?" असं म्हणून ती आत गेली.

जेवताना तिला सगळं सांगितलं. चौकीदाराने आज एक तोड काढली आहे. त्याने लिहिलंय, 'वाद नको. एवढंच लिहा की मी खेळलो, मोह झाला, माफ करा. रविवारपर्यंत लिहिलंत तर प्रकरण मिटवतो. नाहीतर तुमचं नाव लबाडांच्या यादीत जाईल आणि इथे पुन्हा काही देता येणार नाही.'

"मग लिहून टाका की," ही म्हणाली. ताटाकडे बघत होती. "एका ओळीने काय होतंय?"

"मी खेळलो नाही."

"अहो, तुम्हाला कोण ओळखतंय तिथे? काटेवाला म्हणजे कोण, कुठला?"

"मला तर माहीत आहे ना. न केलेलं केलं म्हणायचं, तेही देत राहता यावं म्हणून? मग त्या देण्याला काय अर्थ?"

"देणं बंद होईल ना पण."

"होऊ दे."

तिने भात वाढला, मी नको म्हटलं तरी वाढला. मग म्हणाली, "इतका जीव लावलात का यात?"

मी म्हटलं, "या पंधरा दिवसांत जेवढं बरं वाटलं तेवढं फार वर्षांत वाटलं नव्हतं." हे मी कधी मोठ्याने म्हणेन असं वाटलं नव्हतं. ती उठली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. दोनच ताटं होती.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी अकराच्या सुमारास सिमेंटच्या दोन गाड्यांच्या मधे मंडळ उघडलं. माझ्या बदनामीच्या खाली एका नवीन सदस्याने लिहिलं होतं. नाव: 'काटेवाल्याची बायको'. उतरवून ठेवतो.

'चौकीदारभाऊ, लेकीला विचारून मोबाइलवरून लिहितेय. आमचे हे खोटं बोलत नाहीत. बोलता येत असतं तर आमच्या संसारातले निम्मे वाद झाले नसते. यांनी चाव्या तपासल्या आणि कामावर गेले. खेळले मी. लेक लग्न होऊन गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं. तिची खोली झाडायला जायचे आणि झाडून झाल्यावर तिथेच बसायचे. त्या दिवशी संगणकावर पाणबुड्या दिसला. लेकीला फोन करून विचारलं आणि सुरू केला. यांना सांगितलं नाही कारण खेळ जमवले म्हणून मीच यांना टोमणे मारले होते. आता कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या यादीत नाव घालायचं तर माझं घाला. आणि त्या हात मोडलेल्या दादांना सांगा, दुसऱ्या गुहेतल्या मोठ्या माशाला घाबरू नका. कंदील विझवला की तो आंधळा होतो.'

मी तीनदा वाचलं. मिशाळ ड्रायव्हर खिडकीत डोकावला. "काटेवाले, रडताय का हसताय?"

"गाडी पुढे घे," मी म्हटलं.

खाली तोपर्यंत चौकीदाराचं उत्तर आलं होतं. 'थांबा. कंदील विझवायचा? मी त्या गुहेत दोन वर्षं अडकलोय.'

तिने लगेच लिहिलं, 'विझवा आणि डाव्या भिंतीला धरून चला. मग सांगा.'

त्यापुढे अर्धा तास तिथे कोणी माझ्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. सगळे हिला गुहा विचारत होते. मग चौकीदार परत आला. 'ओलांडली. काकू, नमस्कार. काटेवाले, तुमची माफी मागतो. नाव कुठल्याच यादीत जाणार नाही.'

संध्याकाळी घरात शिरलो. ही दारातच होती, पदराने कोरडेच हात पुसत.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग बोला काय बोलायचं ते."

मला पुष्कळ बोलायचं होतं. ती दुपारी लेकीच्या खोलीत बसते हे मला माहीत नव्हतं. मी ते विचारणार होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मनगट कसं आहे?"

"बरं आहे. दोन दिवस विश्रांती मिळाली ना, पासवर्डमुळे."

मी तिला पासवर्ड सांगितला. ती म्हणाली, "एवढा लांब कशाला ठेवायचा?" आणि आत गेली.

रविवार, २४ मार्च

आज दिवसभर दोघं मिळून मेल चाळत होतो. ही मोठ्याने वाचते, मी यादी लावतो. अकरा जणांना त्यांच्या आवडीचं दुसरं काही मिळालं. प्रश्न उलट्या पंख्याचा होता. त्याला पाणबुड्याच हवा आणि तो आता कुठे मिळत नाही.

"अहो, हे बघा," ही म्हणाली. चष्मा नाकाच्या टोकावर. "हा पाणबुड्या तीन वर्षांनंतरच्या गठ्ठ्यात पुन्हा आलाय."

खरंच होता. माझं बोट सवयीने लगेच संगणकाकडे गेलं. तिने माझा हात धरला.

"काय करताय?"

"चालते का ते..."

"पुन्हा?"

इतकी जुनी चावी, आणि त्या माणसाला एकदा फसवून झालेलं. ही मेलेली निघाली तर तो पुन्हा कधी माझं तोंड पाहणार नाही. तशीच पाठवली. खाली काय लिहावं कळेना. 'तपासून' लिहिता येत नव्हतं. शेवटी लिहिलं, 'तपासलेली नाही. चालावी अशी प्रार्थना आहे.' आणि खुर्चीत बसून खरोखरच नाम घेत राहिलो. 

ही म्हणाली, "देवाला खेळातलं काय कळतंय?"

"तुला तरी कुठे कळत होतं?"

तेवढ्यात उत्तर आलं. 'चालली.' आणि त्याखाली, 'काकूंना सांगा, कंदील विझवून बघतो.'

हिने टाळी वाजवली आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं की काय म्हणून.

रविवार, ३१ मार्च

दुसरी यादी लागली. या खेपेला प्रत्येक खेळाखाली हिने लिहिलेल्या दोन ओळी आहेत. ज्या खेळाची चावी वापरायची नाही त्याबद्दल तिला काय लिहायचं हे कसं कळतं? लेकीला विचारते म्हणे. एका खेळाखाली तिने लिहिलंय, 'यात घोडा फार हट्टी आहे, संसारी माणसालाच जमेल.' सर्वात जास्त मागणी त्यालाच आहे.

बाराही खेळ मात्र माझ्या नावावर कायमचे बसले. सुरुवातीला ते मनाला लागायचं, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात राहिली असं वाटायचं. हिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी दुसरी आहे का?"

पाणबुड्याचा खेळ दोघांनाही खेळता येतो, एकाच संगणकावर. एकाने कंदील धरायचा, दुसऱ्याने दोर. आज जेवणं झाल्यावर तिने लेकीच्या खोलीत दुसरी खुर्ची आणून ठेवली. मला म्हणाली, "बसा. फार काही करायचं नाही. उजेड धरायचा फक्त."

मी उजेड धरला. तो कधी माशावर गेला, कधी आकाशाकडे, म्हणजे जिथे आकाश असावं तिकडे. माझा पाणबुड्या दोन वेळा खड्ड्यात पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर मी म्हटलं, "तू जा पुढे. मी इथे बरा आहे."

"गप्प उभे राहा तिथे," ती म्हणाली. तिचे डोळे पडद्यावर होते. "हलू नका. मी दोर सोडतेय."